पाण्यात पाहिलेले भुंगेरे

परवा दिवेलागणीला अंगणातल्या कडुलिंबाखालून गोठ्याकडे निघाले होते. डोक्यावर टप्पकन काहीतरी पडलं आणि केसांत पाय झाडायला लागलं. हात लावायच्या आधीच मी ओळखलं. आले मेले. चिमटीत धरून काढला आणि ओट्यावरच्या दिव्याखाली नेऊन पाहिला. चिंचोक्याएवढा, तपकिरी पाठीचा, आणि चेहऱ्यावर असा साळसूदपणा की यानं जन्मात कुणाचं वाईट केलं नसेल. चपलेखाली घातला तेव्हा कुठे बरं वाटलं.

दर वर्षीचं आहे. वळवाचे दोन-चार शिडकावे होऊन जमीन मऊ झाली की आमच्या वडगाव रासाईच्या मळ्यांतून हे संध्याकाळी बाहेर पडतात, कडुलिंबावर आणि बाभळीवर जाऊन बसतात, पाला खातात, जोड्या जमवतात आणि उजाडायच्या आत परत मातीत शिरतात. तिथे अंडी घालतात. त्या अंड्यांतून निघते ती हुमणी. पांढरी, जाडजूड, मुडपून पडलेली अळी. ती उसाची मुळं खाते. वरून ऊस पिवळा पडतो, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, खत कमी पडलं. मग एक दिवस बेट धरून ओढावं तर सगळं हातात येतं, खाली मूळ म्हणून काही उरलेलंच नसतं. हे ज्यानं एकदा हातानं अनुभवलंय त्याला या दिवसांचं कौतुक सांगू नये. लोक या दिवसांवर लिहितात तेव्हा मातीच्या वासाबद्दल लिहितात. माझ्या नाकात या दिवसांचा एकच वास आहे, डिझेलचा.

कारण भुंगेरे मारायची रीतच तशी आहे. बादलीत पाणी घ्यायचं आणि त्यात डिझेल ओतायचं. पूर्वी रॉकेल टाकायचे, आता रॉकेल कुठे मिळतं. दिवे लागले की बांबूच्या आकडीनं फांद्या गदगदा हलवायच्या, खाली पडतील तेवढे भुंगेरे गोळा करायचे आणि बादलीत टाकायचे. रोज, ओळीनं आठ-दहा दिवस. मान वर करून करून अवघडते, डोळ्यांत पाला जातो, पाठीवरून भुंगेरे पोलक्यात शिरतात. आमच्या बांधावर हे काम करायला मी होते आणि सुमन होती. सुमन म्हणजे माझी शेजारीण, तिचा आणि आमचा बांध एकच. नव्हते ते फक्त आमचे हे.

आमचे हे तेव्हा दौंडला रेल्वेत होते, सिग्नलच्या खात्यात. बारीक तारा जोडायचं काम. आठवडाभर तिकडे कॉलनीत राहायचं, शनिवारी डेमू गाडीनं खुटबावला उतरायचं आणि तिथून मोटारसायकलवर नदी ओलांडून घरी. रविवारी संध्याकाळी परत. म्हणजे ऊस माझा, म्हशी माझ्या, मोटार जळाली तर ती माझी, आणि सुट्टी मात्र यांची. याबद्दल माझी काही तक्रार नव्हती असं लिहिलं तर हा कागदसुद्धा हसेल. पण निभत होतं. माशी शिंकली ती हिमाचलात. हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही, खरोखरच ती माशी होती.

रेल्वेचा पास काढून खात्यातले चार-पाच जण हिमाचल बघायला गेले होते. मी गेले नाही, म्हैस वेताला आली होती. तिकडे एका ओढ्यावर यांना एक माणूस दिसला. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो एक लांब काठी आणि दोरी हवेत मागे-पुढे हलवत होता, आणि दोरीच्या टोकाला होता फोमचा एक भुंगा. तो पाण्यावर टेकवला की खालून मासा येई आणि भुंगा खरा समजून गिळी. मासा ट्राउट. अंगावर ठिपके, पाणी बर्फासारखं गार आणि काचेसारखं स्वच्छ असेल तरच जगणार. त्या माणसानं यांच्या हातात काठी दिली. यांच्या भुंग्याखाली एक ट्राउट वर आला, त्यानं तोंड उघडलं, आणि हे त्याच्याकडे बघतच राहिले. काठी ओढायचं भानच राहिलं नाही. मासा गेला.

तो मासा गेला तो सरळ आमच्या घरात आला.

त्या दिवसापासून यांना एकच गोष्ट हवी होती. ती त्यांनी मला किती वेळा सांगितली याचा हिशेब नाही. "एक ट्राउट धरायचाय. एकच. आपल्या हातानं बांधल्याल्या भुंग्यावर. दुसरं मला काय नगं."

"आन् धरून काय करनार?" मी विचारलं.

"सोडून दीन."

दोन दिवस आगगाडीत बसून जायचं, गार पाण्यात पाय गोठवायचे, मासा धरायचा आणि सोडून द्यायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मासा खायचा असता तर मी काही बोलले नसते. कुणाला मी पाण्यात पाहिलं असेल तर त्या ट्राउटला. आणि तो तरी दुसरीकडे कुठे राहणार होता?

माशी बांधणं असा शब्द यांनी तिकडून आणला. गळावर कसलाही खोटा किडा बांधला, अगदी भुंगा असला, तरी त्याला माशीच म्हणायचं. तोवर आमच्या घरात बांधायच्या वस्तू ठरलेल्या होत्या. पेंढ्या बांधायच्या, वासरू बांधायचं, डबा बांधायचा, मोळी बांधायची. माशी कुणी बांधत नव्हतं. एका रविवारी सकाळी हे ओट्यावर कामावरचा छोटा व्हाइस, म्हणजे घट्ट धरायचा शिकंजा, लावून, त्यात गळ पकडून बसले, आणि समोरून आप्पा आले. आप्पा म्हणजे यांचे चुलते. बोलायला निमित्त शोधत फिरणारा माणूस.

"काय बांधतुयास रं?"

"माशी."

"मासा?"

"न्हाई आप्पा, माशी. माशी बांधायची आन् तिनं मासा धरायचा."

आप्पांनी हनुवटी खाजवत बराच विचार केला. "म्हंजी बायकू दावून नवरा धरायचा म्हन की."

मी आतून हसले. हसू आलं याचाही मला राग आला. पण आप्पांचं व्याकरण बरोबर होतं. आमच्या भाषेत मासा आणि माशी ही जोडी दिसते खरी, आणि या घरात त्या दोघांमध्ये मीच तिसरी होऊन बसले होते.

आता कशी बांधायची ते सांगते, कारण रागाच्या भरात का होईना, मी ते शंभर वेळा पाहिलंय. गळाच्या दांडीवर आधी दोरा गुंडाळायचा. मग शेपटीकडच्या टोकाला फोमची पट्टी बांधायची आणि ती मागे लोंबती ठेवायची. मोराच्या पिसाचे दोन-तीन तंतू घेऊन दांडीभोवती वळसे देत पुढे न्यायचे, ते झालं पोट, हिरवट चमकणारं. चिंचोलीकडे ओळखीच्या एका रानात मोरांनी टाकलेली पिसं पडलेली असतात, ती हे गोळा करून आणायचे. मग लोंबती पट्टी पाठीवरून पुढे दुमडायची आणि मानेशी दोरा आवळायचा. तिथे जादू होते. पाठ फुगते, डोकं वेगळं होतं, आणि आत्तापर्यंत जे नुसतं फोम होतं ते एकदम कुणीतरी होतं. मानेत रबराच्या दोऱ्याचे तीन तुकडे आडवे अडकवायचे, दोन्हीकडे मिळून सहा पाय. तो रबराचा दोरा जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकमधला. आणि फोम? शिरूरच्या दुकानात शाळेच्या मुलांसाठी फोमचे कागद मिळतात, त्यातला काळा आणला तर यांना पटला नाही. आपल्याकडचा भुंगेरा तपकिरी. तपकिरी फोम यांना घरातच सापडला. माझ्या नव्या चपलेच्या तळव्यात.

पातळ ब्लेडनं त्यांनी त्या तळव्याच्या चकत्या पाडल्या. मी एका पायात चप्पल आणि एका पायात संताप घालून दिवसभर फिरले.

शेवटी टिकली. भुंगा तपकिरी, पाणी काळपट, लांबून दिसायचा कसा? म्हणून पाठीवर रंगाचा एक ठिपका हवा. माशाला तो दिसत नाही, तो खालून बघतो, वरून आपण बघतो. त्यासाठी माझं टिकल्यांचं पाकीट गेलं. लाल टिकली, गोंदाचा एक थेंब, झालं. एकदा सुमन म्हणाली, "वैनी, तुमच्या कपाळाला न्हाई आन् किड्याला टिकली!" त्या दिवशी खरंच माझ्या कपाळाला नव्हती.

हे काम करताना यांचे हात फार सुंदर दिसायचे. लिहायला नको वाटतं, पण खरं आहे. आयुष्यभर तारांची टोकं जुळवलेली बोटं. दोरा आवळताना श्वास रोखायचे, गाठ बसली की सोडायचे. माझ्याकडे बघताना या माणसानं असा श्वास कधी रोखला असेल का, असं मनात यायचं, आणि मग भाकरी करपायची.

रविवारी उजाडताच हे बंधाऱ्यावर. सरावाला. आमची भीमा म्हणजे शहराचं सांडपाणी पिऊन आलेली, अंगावर जलपर्णीची गोधडी पांघरून पडलेली. जलपर्णी जिथे फाटली असेल तिथे दोरी फेकायची. मागे, पुढे, मागे, पुढे, आणि मग अलगद भुंगा टेकवायचा. आप्पा काठावरून ओरडायचे, "आरं, म्हशी हाकतुयास का मासं धरतुयास?" पहिला भुंगा बाभळीत अडकला, दुसरा यांच्या टोपीत, तिसरा चिलापीनं घेतला. चांगली तळहाताएवढी चिलापी. मी म्हटलं, चला, सुटलो. पण यांचं तोंड उतरलेलं. "चिलापीचं काय घिऊन बसलीस. ती भाकरीचा तुकडा बी खाती. तिला खरं-खोटं कळतंय व्हय? ट्राउटला कळतं. त्यो आधी बघतो." त्या चिलापीचं कालवण मी केलं. मीठ जरा जास्तच पडलं.

आणि मग ते वर्ष आलं. पाच वर्षं झाली त्याला. त्या वर्षी भुंगेरे उठले ते थव्यानं. आदल्या हंगामात नदीकडच्या रानात हुमणीनं निम्मा ऊस नेला होता. मी स्वतः बेटामागून बेट उपटून बांधावर टाकली होती, एका हातानं, जोर न लावता. या वर्षी लागण नवी होती, कोवळी होती, आणि मी पक्कं ठरवलं होतं की एक भुंगेरा मातीत परत जाऊ द्यायचा नाही. नेमकी त्याच दिवसांत यांची रजा मंजूर झाली. सोमवारी दौंडवरून गाडी, हिमाचल, ओढा, ट्राउट. त्याआधी गुरुवारपासून घरी.

मी एकच मागितलं. "तीन सांजा द्या मला. फकस्त तीन. आकडी धरा, मी येचते."

"हां, येतो की. एवढा एक भुंगा झाला की आलोच."

पहिल्या संध्याकाळी एक भुंगा झाला, मग दुसरा झाला. हे आले नाहीत. बाहेर मी खरे मारत होते आणि ओट्यावर हे खोटे जन्माला घालत होते. एका घरात दोघांचा असा उलटा कारखाना चालला होता. ओट्यावरच्या दिव्याला पाच-सहा खरेही येऊन धडकायचे, त्यातला एक उचलून हे व्हाइसशेजारी ठेवायचे आणि त्याच्याकडे बघून पट्टी कापायचे. मारायचे नाहीत. नमुना म्हणून जपायचे.

दुसऱ्या संध्याकाळी एक गंमत झाली. गंमत म्हणायची, रक्त आलं होतं. सुमन बादली घेऊन ओट्यापाशी आली, कठड्यावर बसलेला भुंगेरा तिनं सवयीनं उचलला आणि किंचाळली. गळ बोटात रुतला होता. मी धावत जाऊन तिचं बोट धरलं. हेही धावत आले, पण यांचं लक्ष बोटाकडे नव्हतं.

"सुमन, तुला त्यो खरा वाटला?"

"आवं भाऊजी, रगात आलंय!"

"व्हय व्हय. पन खरा वाटला न्हवं? अगदी खरा?"

गळ काढून हळद दाबेपर्यंत हे तोच प्रश्न तीनदा विचारून बसले. शेवटी ती बिचारी म्हणाली, "वाटला बया, वाटला." रात्री जेवताना यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

तिसरी संध्याकाळ शनिवारची. त्या दिवशी यांनी हातचं काही राखलं नाही, सकाळपासून बसून मोठ्या ताटात भुंगे ओळीनं मांडले. तीस. टिकल्या लावायच्या तेवढ्या राहिल्या होत्या, त्या उद्या. मी आणि सुमन बांधावरची शेवटची बाभूळ हलवून आलो. सुमन तिच्या घरी वळली. मी बादली घेऊन ओट्यापाशी आले. अंग घामानं आणि पाल्यानं भरलेलं. हे नव्हते. प्रवासाची बॅग मागायला आप्पांकडे गेले होते. दिव्याखाली ते ताट.

मी त्या भुंग्यांकडे बघितलं. मला ते एका नजरेत कळले. फसायला मी सुमन नव्हते. आठवडाभर हजारो खरे भुंगेरे माझ्या बोटांतून गेले होते. मी ताट उचललं आणि बादलीत उलटं केलं.

खरे तडफडून हळूहळू तळाला गेलेले होते. फोमचे बुडेनात. सगळेच्या सगळे वर, पाय पसरून, डिझेलच्या रंगीत तवंगावर तरंगत राहिले. मी आकडीच्या टोकानं एक दाबला. तो खाली गेला आणि परत वर आला. दुसरा दाबला. परत वर. मी एकेक करून सगळे दाबत राहिले, पुन्हा पुन्हा, हात दुखेपर्यंत. त्या बादलीत मला माझी चप्पल दिसत होती, टिकल्यांचं गेलेलं पाकीट दिसत होतं, तीन सांजा दिसत होत्या. मला बरं वाटत होतं. ते आज मी लपवणार नाही, मला फार बरं वाटत होतं.

रात्री हे उशिरा येऊन सरळ झोपले. सकाळी यांचा आवाज आला. "आगं, ताटातलं भुंगं कुठं गेलं?"

वाक्य मी रात्रीच तयार करून ठेवलं होतं. चुलीपुढून न उठता म्हटलं, "ते व्हय? वट्यावर बसल्यालं दिसलं. टाकलं बादलीत."

भांडण होईल म्हणून मी कंबर कसून बसले होते. उसाचं, चपलेचं, तीन सांजांचं, सगळं बोलून टाकायचं होतं. मग हसण्याचा आवाज आला. हे ओट्यावर बादलीपाशी उकिडवे बसून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग उठून रस्त्यावर गेले आणि आप्पांना हाक मारली.

"आप्पा! आवं आप्पा! आमच्या हिनं माझं भुंगं खरं समजून डिझेलात बुडवलं! तीसच्या तीस! हिनं, जी रोज हजार मारती, तिला बी वळखू आलं न्हाई!"

त्या दिवशी मी हरले. कसं ते मला तेव्हा नीट कळलं नाही, पण हरले. एवढ्या खुन्नशीनं मारलेली चपराक समोरच्यानं शाबासकी म्हणून खिशात घातली.

भुंगे त्यांनी साबणाच्या पाण्यात धुतले, दोरीवर वाळवले, टिकल्या चिकटवल्या आणि डबीत घातले. नवे बांधायला वेळ नव्हता, तपकिरी फोमही संपला होता, चप्पल तरी किती पुरणार. सोमवारी गेले. दहाव्या दिवशी आले, उन्हानं नाक सोललेलं, बॅगेला ओला वास. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. ट्राउट वर यायचा. भुंग्याखाली थांबायचा, नाक लावायचा आणि तोंड फिरवून जायचा. पाच दिवस हेच. एकानंही तोंड उघडलं नाही.

"डिझेलचा वास गं," हे म्हणाले. "धुऊन बी जात न्हाई त्यो. माशाला लई लांबनं कळतो." आणि हसले. "फुडल्या वर्षी."

पुढल्या वर्षी गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली. चालता येतं, बाजार करता येतो, पण गार ओढ्यात शेवाळलेल्या गोट्यांवर उभं राहायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. मग निवृत्ती आली. दौंडची खोली सोडून हे कायमचे घरी आले. आता दर वर्षी आकडी धरतात, न सांगता. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि यांना जे एकच हवं होतं ते राहून गेलं.

राहिली ती गोष्ट. भुंगेऱ्यांचे दिवस आले की हे ती सांगतात. पाहुण्यांना, टँकरवाल्याला, दूध घ्यायला येणाऱ्याला, ज्याला सापडतील त्याला. ट्राउट मिळाला नाही हे त्या गोष्टीत एका वाक्यात येतं आणि जातं. खरी गोष्ट बादलीची. "हिला बी वळखू आलं न्हाई," इथे आले की छाती फुगते, भुंग्याची पाठ फुगायची तशीच. मी आतून चहा आणते आणि कप ठेवते. पाच वर्षं मी त्या खोट्याला चहा पाजतेय. बरं, खोटं बोलल्याचं मला एवढं काही नाही. मला राग याचा येतो की माझा राग कुणाला कळलाच नाही. मी बुडवले होते ते बुडवले होते. चुकून नाही. आयुष्यात एकदा मी कुणावर तरी सरळ सूड उगवला आणि तोही यांच्या कौतुकात जमा झाला.

यंदा कृषी महाविद्यालयाच्या चार मुली गावात आल्यात, शेतकऱ्यांकडे राहून शिकायला. काल सकाळी वह्या घेऊन आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. हुमणीची माहिती हवी होती. यांनी एका वाटीत आदल्या रात्रीचे चार खरे भुंगेरे ठेवले, डबीतला एक फोमचा त्यांच्यात टाकला, टिकली खरवडून, आणि वाटी पुढे केली. "सांगा बरं, खोटा कंचा?" मुली वाकल्या. एकीनं खरा उचलला. सगळ्या हसल्या. मग गोष्ट सुरू झाली. हिमाचल, ओढा, चप्पल, ताट, बादली. मी दारात उभी होते, हातात चहाचा ट्रे.

"हिला बी वळखू आलं न्हाई," हे म्हणाले.

मुलींनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी हसले. ते हसू मला माझ्याच तोंडावर शिळं लागलं.

मुली गेल्या. हे व्हाइस पुढे ओढून बसले. अजूनही बांधतात, कशासाठी ते विचारू नये. मी कप उचलता उचलता थांबले.

"आवं, मला वळखू आलं हुतं."

"काय?"

"त्या वर्षीचं भुंगं. तुमचं हायत हे मला ठावं हुतं. मी जानून बुडवलं. राग आला हुता म्हनून. तीन सांजा मागितल्या हुत्या मी, आन् तुम्ही आला न्हाई."

यांच्या हातातला दोरा तसाच ताणलेला राहिला. श्वासही. मी कप खाली ठेवले. पाच वर्षांची उत्तरं माझ्याकडे तयार होती. आता ओरडतील, आता म्हणतील की माझा ट्राउट तू घालवलास, आणि मग मी म्हणेन की माझ्या तीन सांजा कुणी घालवल्या. मला ते भांडण हवं होतं.

हे म्हणाले, "कशावरनं?"

"काय कशावरनं?"

"कशावरनं वळखलंस?"

मला हसावं की कप फेकून मारावा कळेना. "तुम्हाला राग न्हाई आला?"

"त्ये मागनं बघू. आदी सांग, कशावरनं?"

मग सांगितलं. जे त्या संध्याकाळी एका नजरेत दिसलं होतं तेच. "पाय. तुमच्या भुंग्याचं साईच्या साई पाय सारखं. एका मापाचं, एका कोनातलं. खऱ्याचा एखादा तरी आखडल्याला असतो, मोडल्याला असतो, पोटाखाली घेतल्याला असतो. मी हजारो मारल्यात. मला इचारायचं की."

यांनी व्हाइसमधल्या भुंग्याकडे बघितलं. मग वाटीतला एक खरा उचलून तळहातावर घेतला, उलटा केला, सरळ केला. त्याचा एक मागचा पाय खरंच दुमडलेला होता. चेहरा उतरत गेला, आणि मला कळलं की मी काय केलं. ट्राउट तर मी पाच वर्षांपूर्वीच घेतला होता. आज राहिलेली गोष्टही घेतली.

"मंग," हे हळू म्हणाले, माझ्याकडे न बघता, "त्या ट्राउटनं बी पाय बघूनच त्वांड फिरवलं आसंल का गं? डिझेलचं काय नसंल. माझंच चुकलं आसंल."

दार उघडं होतं. नुसतं 'व्हय' म्हणायचं आणि बाहेर पडायचं. पाच वर्षांचा भार उतरला असता, ट्राउट माझ्यामुळे गेला नाही हे यांच्याच तोंडून ठरलं असतं. माझा राग अजून संपलेला नाही, त्या तीन सांजा मी अजून विसरलेले नाही, आणि विसरणारही नाही.

"न्हाई," मी म्हणाले. "डिझेलच हुतं त्ये."

यांनी मान हलवली. मग कात्री उचलली आणि व्हाइसमधल्या भुंग्याचा एक पाय जरासा आखूड केला.